संगीत नाटकांची जुनी चित्रमुद्रणे आठ इंची टॅबवर पाहण्यासाठी एन्कोडिंग कसे ठेवावे?

नेपथ्य_सांगली (प्रश्न)

नमस्कार. सांगली भागातील एका हौशी नाट्यसंस्थेच्या जुन्या चित्रमुद्रणांचे काम सध्या माझ्याकडे आहे. संस्थेने १९९० च्या दशकापासून केलेल्या संगीत नाटकांच्या व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेटी आता संगणकावर उतरवून झाल्या आहेत. मिनी डीव्ही कॅसेटी फायरवायर या केबल-जोडणीतून जशाच्या तशा घेतल्या आहेत. त्या फाइली ७२० × ५७६ आकाराच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या असून तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतात. व्हीएचएस कॅसेटी एका स्टुडिओकडून हफयूव्ही या लॉसलेस (दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात उतरवून घेतल्या आहेत आणि त्या फाइली याहूनही मोठ्या आहेत. सर्व मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवल्या असल्यामुळे माझा प्रश्न जतनाचा नाही, तो केवळ पाहण्यासाठी करायच्या प्रतींचा आहे.

यांपैकी दोन नाटके संस्थेतील नवी मुले यंदा पुन्हा बसवत आहेत. ज्येष्ठ कलाकारांनी पद कसे उचलले, तानेनंतर समेवर येताना कोठे पाहिले, प्रवेश घेताना पाऊल कोणत्या विंगेतून टाकले, हे त्यांना तालमीच्या जागीच पुनःपुन्हा पाहता यावे, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी संस्थेने काही आठ इंची अँड्रॉइड टॅब घेतले आहेत. त्यांचा पडदा १२८० × ८०० असून अँड्रॉइडची आवृत्ती ८ आहे, रॅम २ गिगाबाइट आहे आणि प्रत्येकात ३२ गिगाबाइटचे मेमरी कार्ड घातले आहे. काही मुले आपापल्या फोनवरही पाहतील आणि त्यांतील काही फोन बरेच जुने आहेत.

एफएफएमपेग या मोफत रूपांतर-सॉफ्टवेअरमध्ये केवळ एक्स२६४ (एच.२६४ पद्धतीचा एन्कोडर) निवडून, बाकी काही न बदलता, नमुन्यादाखल काही फाइली तयार केल्या. डीव्हीवरून केलेल्या फाइलीत कलाकाराने हात हलवताच त्याच्या कडांना आडव्या रेषा दिसतात. व्हीएचएसवरून केलेली फाइल टॅबवर आवाज ऐकवते, पण चित्र पूर्ण काळे राहते. तीच फाइल संगणकावर दिसते, मात्र तेथे सर्व माणसे किंचित उंच व सडपातळ वाटतात. प्रत्येक नाटक साधारण तीन तासांचे आहे. कार्डावर चार-पाच नाटके मावावीत, तालीम संपेपर्यंत बॅटरी टिकावी आणि पदे स्पष्ट ऐकू यावीत, एवढीच अपेक्षा आहे. सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा, तो जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी) किती ठेवावा, प्रोफाइल (एन्कोडरने वापरायच्या युक्त्यांचा संच) व लेव्हल (चित्राच्या आकाराची व वेगाची मर्यादा) कोणती निवडावी आणि आकार वाढवून ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचा, करावा का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चित्रफीत

आपण सीआरएफबद्दल विचारले आहे, परंतु आपण वर्णन केलेल्या तिन्ही अडचणींचा सीआरएफशी संबंध नाही. तिन्ही अडचणी चित्र एन्कोडरपर्यंत पोहोचण्याच्या आधीच्या टप्प्यातील आहेत. माझ्या मते अशा कामात ऐंशी टक्के लक्ष त्याच टप्प्याला द्यायला हवे, कारण तेथे बिघडलेले चित्र पुढे कितीही बिटरेट (सेकंदाला खर्च होणारी माहिती) दिला तरी सुधारत नाही.

हाताच्या कडांच्या रेषा इंटरलेसिंगमुळे दिसतात. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २५ पूर्ण चित्रे घेतलेली नसतात. त्याने ५० फील्ड घेतलेली असतात, आणि प्रत्येक फील्डमध्ये एकाआड एक ओळी असतात. एका फ्रेममध्ये गुंफलेली दोन फील्ड एकमेकांपासून एक पन्नासांश सेकंद दूर असतात. त्या अवधीत हात सरकला, तर सम आणि विषम ओळींत तो दोन जागी दिसतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवत असे, म्हणून तेथे हे कधी जाणवले नाही. टॅबचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, म्हणून एन्कोडिंगपूर्वीच डीइंटरलेस करणे, म्हणजे गुंफलेल्या फील्डपासून पूर्ण चित्रे तयार करणे, आवश्यक आहे.

ते करताना बहुतेक जण प्रत्येक फ्रेमपासून एकच फ्रेम काढतात आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवतात. रेषा जातात हे खरे, पण हालचालीची निम्मी माहितीही त्याबरोबर जाते. आपल्या मुलांना तबल्यावरचा हात, मानेचा झटका, गिरकी आणि पदन्यास पाहायचा आहे. म्हणून मी प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम तयार करून सेकंदाला ५० फ्रेम ठेवण्याचा आग्रह धरीन. प्रत्यक्ष कॅसेट टीव्हीवर पाहताना जो सलगपणा जाणवत असे, तो तसाच राहतो. एफएफएमपेगमधील बीडब्ल्यूडिफ हा फिल्टर मुळातच असे काम करतो. याडिफ मात्र मुळात फ्रेममागे एकच फ्रेम देतो, त्याला फील्डमागे एक फ्रेम द्यायला वेगळे सांगावे लागते. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर डीइंटरलेसच्या यादीतून बीडब्ल्यूडिफ व त्यातील बॉब हा पर्याय घ्यावा, इंटरलेस डिटेक्शन बंद ठेवावे, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सारखीच प्रक्रिया होते, आणि फ्रेमरेट कॉन्स्टंट ठेवून ५० निवडावा.

येथे फील्डच्या क्रमाकडे फार काळजीपूर्वक पाहावे. पाल डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते. व्हीएचएस कॅप्चर करणारी बहुतेक उपकरणे मात्र वरचे फील्ड आधी देतात. डीव्हीच्या फाइलीतून हा क्रम फिल्टरला आपोआप कळतो. हफयूव्हीच्या एव्हीआय फाइलीत ती नोंद असेलच असे नाही, आणि नोंद नसेल तर फिल्टर वरचे फील्ड आधी आहे असे गृहीत धरतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या मूळ फाइलीतून भरपूर हालचालीचा अर्धा मिनिट काढून तपासावा. क्रम उलटा लागला असेल, तर चालणारी व्यक्ती पुढे-मागे हिसके देत सरकताना दिसते आणि ते चटकन लक्षात येते. स्थिर गायनाच्या प्रसंगावर ही तपासणी करू नये, कारण तेथे उलटा क्रमही बरोबर वाटतो.

माणसे सडपातळ दिसण्याचे कारण असे की पालचे ७२० × ५७६ पिक्सेल चौरस नसतात. तो आकार चौरस पिक्सेलांनी दाखवला की चित्र ५:४ प्रमाणात येते, मूळ प्रमाण तर ४:३ आहे. डीव्ही फाइलीत पिक्सेलच्या प्रमाणाची नोंद असते, हफयूव्हीमध्ये ती बहुधा नसते. ही नोंद एमपी४ मध्ये लिहिता येते, पण काही फोनवरील प्लेअर ती वाचत नाहीत. त्यामुळे हातात धरून पाहायच्या प्रतींसाठी मी सरळ ७६८ × ५७६ असे चौरस पिक्सेलांचे चित्रच करतो. हे आकारमान डीइंटरलेस झाल्यानंतरच बदलावे.

आता काळ्या चित्राविषयी. हफयूव्हीतील आपले व्हीएचएसचे कॅप्चर जवळजवळ निश्चितपणे ४:२:२ रंगनमुन्याचे (ज्यात रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते) आहे. एफएफएमपेगला वेगळे काही सांगितले नाही तर तो एक्स२६४ कडूनही ४:२:२ चीच फाइल करून घेतो. तिची प्रोफाइल हाय ४:२:२ अशी होते आणि ती टॅबच्या चिपमधील डीकोडरला उलगडता येत नाही. संगणक हे काम प्रोसेसरवर करतो म्हणून तेथे चित्र दिसते. पिक्सेल फॉर्मॅट स्पष्टपणे ८ बिटी ४:२:० द्यावा. मात्र हे रूपांतरही डीइंटरलेसनंतर व्हावे, कारण इंटरलेस्ड चित्राचा रंग आधीच ४:२:० केला तर दोन फील्डचे रंग एकमेकांत मिसळतात आणि लाल शालूच्या काठाशी रंगाच्या पायऱ्या दिसू लागतात.

व्हीएचएसच्या चित्रात तळाशी आठ ते बारा ओळींचा थरथरणारा पट्टा असतो. तो कापावा किंवा काळ्या पट्टीने झाकावा. हँडब्रेकच्या स्वयंचलित क्रॉपवर मात्र नाटकाच्या चित्रणात अवलंबून राहू नये. दोन्ही बाजूंचे काळे पडदे त्याला चित्राबाहेरची पट्टी वाटू शकतात आणि मग विंगेतला प्रवेशच कापला जातो.

एवढे झाल्यावर उरलेले काम सोपे आहे: एक्स२६४, हाय प्रोफाइल, प्रीसेट स्लो, सीआरएफ डीव्हीसाठी १९ आणि व्हीएचएससाठी २१, आवाज एएसी. हँडब्रेकची स्वतःची मार्गदर्शिकाही या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ हीच मर्यादा सुचवते.

सूक्ष्मबिट

वरील विवेचन उत्तम आहे. माझी सूचना कोडेकबद्दल, म्हणजे चित्र संकुचित करण्याच्या पद्धतीबद्दल, आणि चित्राच्या आकाराबद्दल आहे. एच.२६४ चे मानक २००३ सालचे आहे, तर त्यापुढचे मानक एचईव्हीसी २०१३ मध्ये आले, आणि अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ५ पासून त्याचा डीकोडर समाविष्ट आहे. आपले टॅब आवृत्ती ८ वर चालतात, त्यामुळे फाइली तेथे चालायला हव्यात. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अधिक नाटके बसवायची असतील, तर एचईव्हीसीने होणारी जागेची बचत दुर्लक्षिण्यासारखी नाही. याशिवाय टॅबचा पडदा ८०० ओळींचा असल्याने चित्र ९६० × ७२० पर्यंत वाढवून घेतले तर अधिक चांगले दिसेल असे मला वाटते. संगणकावरील आकारवाढीचे फिल्टर स्वस्त टॅबच्या आकारवाढीपेक्षा नक्कीच सरस असतात.

यंत्रविचार

सूक्ष्मबिट यांनी दिलेली वर्षे बरोबर आहेत, तरीही त्यांच्या दोन्ही सूचनांशी मी या प्रसंगी सहमत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर लिहितो.

अँड्रॉइडमध्ये एचईव्हीसीचा डीकोडर आहे याचा अर्थ टॅबच्या चिपमध्ये तो आहे असा होत नाही. अँड्रॉइडबरोबर येणारा डीकोडर सॉफ्टवेअरमध्ये चालतो. चिपमध्ये स्वतंत्र सोय नसेल तर सारा भार प्रोसेसरवर येतो. फाइल चालते, क्वचित थोडी अडखळतेही, पण टॅब तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. दुकानात पाच मिनिटे पाहून हे कळत नाही, तीन तासांच्या नाटकात मात्र कळते. एच.२६४ चा हार्डवेअर डीकोडर या टॅबमध्येही असेल आणि मुलांच्या जुन्या फोनमध्येही असेल. एमएक्स प्लेअरमध्ये चालू फाइल हार्डवेअरवर उलगडली जात आहे की सॉफ्टवेअरवर, हे एचडब्ल्यू किंवा एसडब्ल्यू या अक्षरांनी दाखवले जाते. प्रत्येक टॅबवर आणि शक्य तितक्या फोनवर हे एकदा पाहून घ्यावे. एचईव्हीसीचा खरा लाभ मोठ्या आकारांत, विशेषतः ४के चित्रात होतो. ५७६ ओळींच्या, कॅसेटवरील दाणेदार चित्रात ती बचत बरीच आक्रसते, आणि जी उरते तिच्यासाठी जुने फोन गमावणे मला योग्य वाटत नाही.

लेव्हलचा प्रश्न मूळ पत्रात होता, त्याचे गणित येथे मांडतो, कारण अनेक ठिकाणी लेव्हल ३.० ठेवण्याचा सल्ला कसलाही विचार न करता पुढे दिला जातो. एच.२६४ चित्राचे १६ × १६ पिक्सेलांचे चौकोन करते. ७२० × ५७६ मध्ये असे ४५ × ३६, म्हणजे १६२० चौकोन होतात, आणि लेव्हल ३.० ची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. सेकंदाला ४०,५०० चौकोन, म्हणजे २५ फ्रेम. आपण चित्र ७६८ रुंद केले की चौकोन ४८ × ३६, म्हणजे १७२८ होतात आणि ५० फ्रेमना सेकंदाला ८६,४०० लागतात. दोन्ही बाबतींत लेव्हल ३.० ओलांडली जाते. लेव्हल ३.१ मध्ये फ्रेममागे ३६०० आणि सेकंदाला १,०८,००० चौकोन चालतात, म्हणून ती पुरेशी आहे. तुलनेसाठी सांगतो, १९२० × १०८० चे चित्र सेकंदाला ३० फ्रेमनी उलगडणाऱ्या चिपला सेकंदाला जवळपास २,४५,००० चौकोन हाताळावे लागतात आणि आजचे साधे टॅबही ते करतात. तेव्हा ५० फ्रेमचा भार फार होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रोफाइल हाय ठेवावी, हे चित्रफीत यांचे म्हणणे योग्यच आहे. फोनसाठी बेसलाइन ही सर्वांत साधी प्रोफाइलच हवी, असा सल्ला आजही वाचायला मिळतो. तो व्हिडिओ आयपॉडच्या, म्हणजे २००५ च्या सुमाराच्या उपकरणांसाठी खरा होता. बेसलाइनमध्ये बी-फ्रेम आणि कॅबॅक या जागा वाचवणाऱ्या दोन्ही युक्त्या वापरता येत नाहीत, म्हणून त्याच दर्जासाठी फाइल विनाकारण मोठी होते. दुसऱ्या टोकाला जाऊन १० बिटी एक्स२६४ मात्र कधीही निवडू नये. हँडब्रेकच्या यादीत तो पर्याय शेजारीच असतो आणि फोनवरील हार्डवेअर डीकोडर जवळजवळ कोठेही तो उलगडत नाहीत.

आकार ७२० ओळींपर्यंत वाढवण्यामागचा विचार मी समजू शकतो, कारण काही टॅबचे आकारवाढीचे काम खरोखरच ढोबळ असते. पण ९६० × ७२० चित्राला ५० फ्रेमसाठी सेकंदाला १,३५,००० चौकोन लागतात, लेव्हल ३.२ वर जावे लागते आणि फाइल वाढते. मूळ कॅसेटमध्ये नसलेला तपशील त्यातून मिळत नाही. याहून मोठा धोका रंगाचा आहे. जुन्या पाल चित्राचा रंग बीटी.६०१ या मानकाने साठवलेला असतो, तर एचडी चित्रासाठी बीटी.७०९ वापरतात. फाइलीत स्पष्ट नोंद नसेल तर अनेक प्लेअर केवळ चित्राच्या उंचीवरून अंदाज बांधतात. ७२० ओळींचे चित्र दिसताच ते बीटी.७०९ धरतात आणि मग चेहऱ्यांचा वर्ण व शालूंचे लाल-हिरवे रंग बदलतात. आपल्याकडे वेशभूषाकारही हीच चित्रमुद्रणे पाहून नवे कपडे ठरवणार असतील, तर ही चूक महागात पडेल. चित्र ५७६ ओळींचेच ठेवावे, रंगाच्या मानकाची नोंद पालच्या बीटी४७०बीजी या नावाने फाइलीत लिहावी आणि आकारवाढ टॅबवर सोपवावी. १२८० × ८०० च्या पडद्यावर ४:३ चित्र सुमारे १०६७ × ८०० एवढे दिसते. हातभर अंतरावरून ५७६ ओळी तेथे पुरेशा स्पष्ट वाटतात.

ऑर्गनसाथ

मी तांत्रिक क्षेत्रातला नाही, परंतु संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रणांवर बरेच काम केले आहे, म्हणून केवळ आवाजाबद्दल लिहितो. चित्राची एवढी काळजी घेऊन आवाज मात्र मिळेल त्या सेटिंगवर सोडून दिला जातो, हे मला फार खटकते. संगीत नाटकात पद ऐकू आले नाही तर पाहण्यासारखे थोडेच उरते.

प्रथम मूळ आवाज कसा आहे ते पाहावे. मिनी डीव्हीचे काही कॅमेरे १२ बिट व ३२ किलोहर्ट्झ या पद्धतीने ध्वनिमुद्रण करीत. तसे असल्यास एन्कोड करताना ४८ किलोहर्ट्झ करून घ्यावे, म्हणजे सर्व फाइली एकसारख्या राहतात. एएसीचा एलसी हा प्रकार वापरावा आणि स्टिरिओसाठी १६० किलोबिट द्यावेत. तीन तासांना याने सुमारे २१६ मेगाबाइट लागतात. चित्राच्या तुलनेत ही जागा क्षुल्लक आहे, तेव्हा येथे काटकसर करू नये. एचई-एएसी हा प्रकार कमी बिटरेटसाठी असून तो वरच्या स्वरपट्टीचा बराचसा भाग अंदाजाने पुन्हा रचतो. बोललेल्या संवादाला ते चालते, पण तबल्याच्या चाटीवरचा आणि झांजेचा आवाज त्यात ओळखू येण्याइतका बदलतो. जुन्या व्हीएचएसवर आवाज अनेकदा मोनोच असतो आणि दोन्ही चॅनेलवर तोच ध्वनी असतो. तेथे मोनो करून ९६ किलोबिट दिले तरी पुरते.

टॅबचा स्पीकर लहान असल्यामुळे आवाजाची पातळी वाढवणे आवश्यक होईल. त्यासाठी एफएफएमपेगमधील लाउडनॉर्म हा फिल्टर पुष्कळ जण सुचवतात. तो एकाच फेरीत चालवला तर पातळी सतत वरखाली करत राहतो. गायक हळुवार आलाप घेत असताना आवाज वाढवला जातो, प्रेक्षागृहातली कुजबुज वर येते आणि टाळ्यांनंतरचे पहिले वाक्य दबते. पदातील लहान-मोठेपणा हा गायकाने विचारपूर्वक ठेवलेला असतो, त्याला हात लागता कामा नये. म्हणून एक तर हा फिल्टर दोन फेऱ्यांत, पहिल्या फेरीची मापे दुसरीला देऊन, सरळ वाढीच्या पद्धतीने वापरावा, किंवा प्रत्येक अंकाचा सर्वोच्च बिंदू मोजून तेवढ्याच प्रमाणात सगळा आवाज सारखा वाढवावा. एकेरी फेरीत हा फिल्टर नमुनादर १९२ किलोहर्ट्झवर नेतो, त्यामुळे तो वापरलाच तर शेवटी ४८ किलोहर्ट्झ स्पष्टपणे लिहावे.

एक विनंती तालीम घेणाऱ्याच्या दृष्टीने करतो. पद बसवताना तीच ओळ मागे नेऊन अनेकदा ऐकावी लागते. टॅबवर मागे गेल्यावर प्लेअर नेमका त्या क्षणी न थांबता बराच आधी किंवा नंतर जाऊन थांबतो आणि मुखडा सापडत नाही. हे टाळण्यासाठी एन्कोडिंगमध्ये काही करता येते का, ते चित्रफीत यांनी सांगावे.

चित्रफीत

अवश्य करता येते, आणि मी ते आधी लिहायला हवे होते इतके ते आपल्या उपयोगाचे आहे. प्लेअर सहसा की-फ्रेमवर, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न अवलंबणाऱ्या पूर्ण चित्रावर, जाऊन थांबतो. एक्स२६४ दोन की-फ्रेममध्ये मुळात २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू देतो. ५० फ्रेमच्या फाइलीत ते पाच सेकंद होते, आणि नाटकात कॅमेरा एकाच जागी स्थिर असल्यामुळे मध्ये दृश्यबदलही होत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा पूर्ण पाच सेकंदांचेच अंतर राहते. की-इंट हे मूल्य ५० ठेवावे, म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक की-फ्रेम मिळेल. फाइल थोडी वाढेल, पण तालमीसाठी ती वाढ सोसण्यासारखी आहे.

नेपथ्य_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. बीडब्ल्यूडिफने ५० फ्रेम, ७६८ × ५७६, ८ बिटी ४:२:०, हाय प्रोफाइल, लेव्हल ३.१ आणि की-इंट ५० अशी मांडणी करून दोन्ही प्रकारच्या मूळ फाइलींचे नमुने टॅबवर तपासले. दोन्हींत चित्र दिसते, कडांच्या रेषा नाहीत आणि माणसांचा बांधा योग्य दिसतो. ज्या कलाकारांनी ते प्रयोग स्वतः केले होते, त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ बाईंनी डीव्हीचा नमुना पाहिला आणि समेवर येतानाची मानेची हालचाल आता बरोबर दिसते असे सांगितले. ५० फ्रेम ठेवण्याबद्दल माझ्या मनात थोडी शंका होती, ती त्यामुळे दूर झाली. एमएक्स प्लेअर सर्व टॅबवर हार्डवेअरच दाखवतो.

आता तीन गोष्टी उरल्या आहेत. व्हीएचएसच्या चित्रात मागचा काळा पडदा दाणेदार असून त्यात अधूनमधून चौकोन उमटतात, आणि २१ सीआरएफ ठेवूनही त्या फाइलींचा सरासरी बिटरेट डीव्हीपेक्षा बराच जास्त येतो. एका नाटकाची फाइल कार्डावर चढतच नाही, जागा असूनही अडते. आणि पदांचे शब्द चित्राखाली दाखवायचे आहेत, परंतु वेगळी सबटायटल फाइल जोडली की काही फोनवर जोडाक्षरे तुटून दिसतात.

चित्रफीत

काळ्या पडद्यावरचे दाणे हा कॅसेटचा आणि कमी प्रकाशात ताणलेल्या कॅमेऱ्याचा गोंगाट आहे. तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असल्यामुळे एन्कोडरला सतत नवीन माहिती असल्यासारखे वाटते आणि बिट त्यावर खर्च होतात. डीइंटरलेसनंतर एचक्यूडीएन३डी हा फिल्टर सौम्यपणे लावावा. त्याची मूळ मूल्ये ४, ३, ६ आणि ४.५ अशी आहेत. मी त्यांच्या निम्म्यापासून सुरुवात करतो आणि चेहऱ्यावरचे बारीक हावभाव पुसट होऊ लागले की तेथेच थांबतो. दाणे पूर्ण घालवण्याचा प्रयत्न करू नये, कारण रंगभूषेच्या रेषाही त्याबरोबर जातात. चौकोनांसाठी एक्स२६४ चा एक्यू-मोड ३ ठेवावा. तो अंधाऱ्या भागांना अधिक बिट देण्यासाठीच आहे. मागे काळा पडदा आणि पुढे एकच प्रकाशझोत, अशा चित्रणात त्याचा फरक स्पष्ट दिसतो. हे दोन्ही करूनही चौकोन राहिले, तर त्या नाटकापुरता सीआरएफ २० करावा.

यंत्रविचार

कार्डाचा प्रश्न असा आहे. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे सामान्यतः फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेली असतात आणि तिच्यात एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. तीन तासांच्या फाइलीचा आवाजासह सरासरी बिटरेट ३.२ मेगाबिटच्या आसपास गेला की ती मर्यादा ओलांडली जाते. ६४ गिगाबाइटची कार्डे एक्सफॅटमध्ये येतात आणि तेथे ही अडचण नसते, पण प्रत्येक स्वस्त टॅब एक्सफॅट वाचतोच असे नाही. त्यामुळे कार्ड बदलण्यापेक्षा प्रत्येक अंकाची वेगळी फाइल करावी. तालमीतही अंकानुसार फाइली अधिक सोयीच्या पडतील. सीआरएफ सोडून ठरावीक आकाराच्या मागे लागण्याची गरज मग राहत नाही. शांत अंकाची फाइल लहान होईल, गर्दीच्या प्रवेशांच्या अंकाची मोठी होईल आणि दर्जा मात्र दोन्हीकडे सारखा राहील.

पदांचे शब्द चित्रातच कायमचे उमटवावेत. देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा योग्य जागी बसवण्यासाठी प्लेअरमध्ये अक्षररचनेची विशेष सोय लागते आणि जुन्या फोनवरील प्लेअरमध्ये ती अपुरी असते. एफएफएमपेगचा सबटायटल फिल्टर लिबअस ही सबटायटल रेखाटणारी लायब्ररी वापरतो, आणि ती हार्फबझ या अक्षररचनेच्या लायब्ररीसह बांधलेली असेल तर जोडाक्षरे नीट येतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ या नावांचा फॉन्ट नावाने द्यावा, अन्यथा संगणक भलताच फॉन्ट निवडू शकतो. हा फिल्टर साखळीत अगदी शेवटी, आकारमान बदलल्यानंतर ठेवावा. आधी ठेवला तर अक्षरेही डीइंटरलेस व गोंगाट कमी करण्याच्या प्रक्रियेतून जातात आणि त्यांच्या कडा मऊ पडतात. ज्येष्ठांना शब्दांविना चित्र हवे असेल, तर त्यांच्यासाठी दुसरी प्रत वेगळी काढावी, ३२ गिगाबाइटमध्ये तेवढी जागा मिळेल.

फाइलींची नावे देताना आरंभी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्यावेत. बहुतेक प्लेअर नावांच्या क्रमाने फाइली दाखवतात, म्हणजे पहिला अंक संपल्यावर पुढची फाइल आपोआप दुसऱ्या अंकाची लागेल.